आज पाला पडणार

आमच्या घरासमोर अठरा फूट बाय तीस फुटांचं लॉन आहे आणि गेली तेहेतीस वर्षं त्याच्यावर माझ्याशिवाय कोणाचा हुकूम चाललेला नाही. "घरात कोणी ऐकत नाही, म्हणून यांनी गवताला धरलंय," असं आमची कमल आल्यागेल्यासमोर सांगते. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला उत्तर द्यायचं नसतं. मी पाइप उचलून बाहेर जातो.

लहानपण माझं जुन्या शहरातल्या बड़ा गणपतीच्या देवळाजवळच्या घरात गेलं. दोन खोल्यांत आम्ही बारा माणसं. अंगण म्हणून जे होतं त्यात तीन सायकली लावल्या की चौथ्या माणसाला आडवं होऊन आत शिरावं लागे. वीज खात्यात नोकरी लागल्यावर राजेंद्र नगरात प्लॉट घेतला, तेव्हा अर्धी जागा मोकळी सोडायची आणि हिरवी ठेवायची, हे मी पाया खणायच्या आधी ठरवलं होतं. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. तिथे दुकानाचे दोन गाळे निघाले असते, हे अजूनही काही जण ऐकवतात.

माझा दुसरा अभिमान म्हणजे आमची मराठी. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. सात पिढ्या झाल्या, पण घरात आम्ही मराठीच बोलतो. मराठी मंडळाचं ग्रंथालय मी अकरा वर्षं सांभाळलं. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली मंडळी कौतुकाने म्हणतात, "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!" आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, छान म्हणजे काय? एकदम मेन्टेन करून ठेवली आहे आम्ही.

शुभदा अशाच मंडळींपैकी. कराडची. शहराबाहेर राऊच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते आणि दोन वर्षांपासून आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. वय चौतीस-पस्तीस, एकटी, आवाज कमी आणि चालणं भरभर. काय शिकवता म्हणून मी पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "माती." मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण खरंच, इमारतीखालची माती कशी दबते, कशी फुगते, हाच तिचा विषय. कमलशी तिचं लगेच जमलं. मी आपला तिला मॅडम म्हणायचो आणि अंतर राखून असायचो.

मागच्या डिसेंबरच्या आठ तारखेला सकाळी दात घासता घासता माझ्या छातीत कळ आली. मुलगा समीर बंगळूरला. कमलला काही सुचेना, ती वर जाऊन दार बडवू लागली. शुभदा गाऊनवर स्वेटर चढवून खाली आली, मला आणि कमलला स्वतःच्या गाडीत घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. सिग्नल किती तोडले ते तिलाच ठाऊक. संध्याकाळी समीर विमानाने येईपर्यंत ती त्याच गाऊनमध्ये बाकावर बसून होती. त्या दिवशी तिची परीक्षेची ड्यूटी होती, ती तिने कशी निभावली ते आम्ही कधी विचारलंही नाही. चार दिवसांनी माझं बायपास झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाकायचं नाही, ओढायचं नाही, उचलायचं नाही. मी विचारलं, "और लॉन?" ते म्हणाले, "लॉन तो बिल्कुल नहीं."

त्यातच आमचा माळी शाम हरभऱ्याच्या राखणीला देपालपुरला आपल्या गावी गेलेला. जानेवारीत थंडी वाढली. एका दुपारी त्याचा फोन आला, "बाबूजी, आज रात में पाला पड़ेगा. लॉन देख लेना."

माळव्यात हे लहान पोरालाही कळतं. पहाटे गवतावर बर्फाची पांढरी साय धरते. तिच्यावर पाय ठेवायचा नसतो, नाहीतर पातं आतून तुटतं. ऊन यायच्या आत झारीने हलकं पाणी मारलं की ती उतरते आणि गवत वाचतं. संध्याकाळी शुभदा कॉलेजातून आली तशी मी खिडकीतूनच तिला थांबवलं.

"मॅडम, एक काम होतं. आज पाला पडणार आहे. शाम नाहीये. सकाळी ऊन यायच्या आत लॉनवरचा पाला तेवढा उतरवून टाकाल का? ऊन लागलं की सगळं खल्लास."

"हो काका, त्यात काय. करते मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला जाग आली. पडदा सरकवला आणि बघतो तर काय, लॉन पांढरंशुभ्र आणि त्याच्या मधोमध शुभदा. कानाला मफलर, पायात बूट, हातात खराटा. दात-ओठ खाऊन ती लॉन झाडत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा उलट. मला ओरडता येत नव्हतं. छातीला टाके, खोकायचं तरी उशी धरून. मी काच वाजवली. तिने वर बघितलं, खराटा हवेत हलवून हसली, आणि दुप्पट जोमाने झाडायला लागली.

तिसऱ्या दिवशी गवत काळवंडलं, आठवड्यात तपकिरी झालं. जिथे जिथे तिचा बूट पडला होता तिथे तिथे ठसा उमटला. मी दिवसभर खिडकीशी बसून ते बघायचो आणि आतल्या आत धुमसायचो. रविवारी ती माझ्या तब्येतीची चौकशी करायला आली आणि माझा भडका उडाला.

"मराठी समजत नाही का तुम्हाला? सांगितलं काय आणि केलं काय! पाल्यावर पाणी मारायचं असतं, पाणी! झाडू नाही! हे लॉन आहे मॅडम, तुमच्या गावचं खळं नाहीये!"

कमल स्वयंपाकघरातून पळत आली. शुभदा म्हणाली, "चुकलं माझं, काका." चहा न घेता वर निघून गेली.

त्यानंतर ती कमलशी बोलायची, माझ्याशी नाही. जाता-येता मान हलवायची, बस. जानेवारी संपताना कमलने माझ्यासमोर बिनमिठाची खिचडी ठेवली आणि सांगितलं, "शुभदा जातेय. राऊला फ्लॅट बघितलाय. पंधरा मार्चला सामान हलवणार."

"का?"

"कॉलेज लांब पडतं म्हणे."

"लांब? इथून राऊ पंधरा मिनट!"

"तेच," कमल म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"जाऊ दे. भाडेकरू येतात, जातात," असं म्हटलं खरं, पण खिचडीची ताटली मी बाजूला सारली. ज्या बाईमुळे आपण ही खिचडी खायला जिवंत आहोत तिला आपण चार काड्या गवतासाठी घराबाहेर काढतो आहोत, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसूनही तोंड उघडत नव्हतं. आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. माझे आजोबा भावाशी एकोणीस वर्षं बोलले नव्हते, आणि कारण काय, तर पतंग.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. थंडी ओसरली होती, दुपारी ऊन चटका देऊ लागलं होतं. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो होतो. शुभदा जुना पंजाबी ड्रेस घालून, हातमोजे चढवून खाली आली.

"काका, लॉन मी बिघडवलंय. जायच्या आधी नीट करून देते. काय काय करायचं ते सांगा. पण या वेळी सगळं सांगा, एकूण एक शब्द."

मला ते बरोबर लागलं. पण वसंताच्या तोंडावर लॉन तसंच सोडणं हे पाप, म्हणून मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली. आधी दोन दिवस पाणी बंद. मग मशीन अगदी खाली लावून सगळं गवत भादरायचं. मेलेलं गवत पंजाने ओरबाडून काढायचं, अगदी मुळाशी ऊन पोचेपर्यंत. मग सळईने वीत-वीतभरावर भोकं पाडायची. मग शेणखत, रेती आणि माती चाळून वर पसरायची.

"तगारी तिकडे आहे, नळाजवळ," मी म्हणालो.

"काय आहे?"

"तगारी, तगारी. ते लोखंडी."

"घमेलं म्हणा की," ती म्हणाली. कमल आत हसली.

भोकं पाडताना सळई जाईना. शुभदाने गुडघे टेकून मातीचं एक ढेकूळ काढलं, बोटांत चुरडलं, जिभेला लावेल की काय असं मला वाटलं. "काळी माती आहे ही. ओली झाली की फुगते, वाळली की आवळते. तुमची रेती कमी पडतेय काका. दुप्पट लागेल."

"मी तेहेतीस वर्षांपासून..."

"तेहेतीस वर्षांत खाली दगड झालाय. बघा, सळई वाकली."

खरंच वाकली होती. मी दुसऱ्या दिवशी रेतीची आणखी चार पोती मागवली. असे तीन रविवार गेले. ती राबायची, मी हुकूम सोडायचो, कमल मध्येच पोहे-जलेबी आणायची. जलेबी मला नुसती बघायची परवानगी होती. काम सोडून एक अवांतर शब्द आम्ही बोलत नव्हतो. टकली जागा उरली तिथे तिने कडेचं जिवंत गवत मुळांसकट काढून बोटाबोटाच्या अंतरावर लावलं. पाठ दुखत असणार, पण बोलली नाही.

तिसऱ्या रविवारी तिने बदामाच्या झाडाखालची लाल पानं गोळा करून कोपऱ्यात ढीग लावला.

"ते कशाला तिथे? कचरागाडीत देऊन टाका," मी म्हणालो.

"पाला आहे काका, कुजवला तर खत होईल. पण लॉनवर नाही पडू देणार. तुमचा पाल्यावर राग आहे ना."

"पाला कुठे? पत्ते आहेत... पानं आहेत ती."

"हो, म्हणजे पालाच ना."

"पानं म्हणजे पाला कशी? पाला म्हणजे तो, पहाटेचा. पांढरा. थंडीचा. ज्याने शामचा हरभरा गेला."

शुभदा ढिगाशी उभी होती, ती तशीच वळली. "काका, पाला म्हणजे पाला. पालापाचोळा. पालेभाजी." मग तिचे डोळे मोठे झाले. "तुम्ही त्या दिवशी... तुम्ही त्या बर्फाबद्दल बोलत होतात?"

"मग कशाबद्दल?"

"मला वाटलं, पानं झाडायला सांगताय! मी म्हटलं, पानं तर चारच पडलीयत, पण काका म्हणाले उतरवून टाका, तर टाकूया. आणि नंतर तुम्ही म्हणालात, पाल्यावर पाणी मारायचं. पाल्यावर पाणी कोण मारतं? मला वाटलं, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, काका भ्रमात बोलतायत."

कमल दारात उभी राहून हे ऐकत होती. ती हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. "अहो मेन्टेनवाले!" एवढंच ती म्हणू शकली.

मी उठून आत गेलो आणि शब्दकोश काढला. पाला: झाडाची पानं. खाली दुसरा अर्थ नाही. आणखी पानं चाळली तेव्हा, दवाचा बर्फ होतो त्याला मराठीत दहिवर म्हणतात, हे मला एकाहत्तराव्या वर्षी, अकरा वर्षं ग्रंथालय सांभाळल्यावर कळलं. सात पिढ्या आम्ही हिंदीतला पाला मराठी समजून वापरत होतो. मी जन्मभर पालेभाजी खाल्ली, पालापाचोळा म्हटलं, आणि त्यांतला पाला म्हणजे पानं, हे कधी माझ्या डोक्यात आलं नाही. आणि वर कराडच्या बाईला विचारलं होतं, मराठी समजत नाही का.

बाहेर आलो तेव्हा शुभदा हात धूत होती. मला म्हणायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. मी म्हणालो, "तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?"

"आमच्याकडे पडतच नाही. शब्द कशाला लागतोय?" ती म्हणाली. मग टॉवेलला हात पुसत, "आता रोज सकाळी हलकं पाणी, आणि तीन आठवडे कोणी पाय ठेवायचा नाही. मी असेपर्यंत मी घालेन. पंधराला टेम्पो सांगितलाय," असं म्हणून वर गेली.

म्हणजे गैरसमज फिटला तरी ती जाणारच होती. का जाऊ नये? चुकीचा शब्द वापरला म्हणून ती रागावली नव्हती. मी तिला जे बोललो ते तर अगदी शुद्ध मराठीत होतं.

लॉन फुटायला लागलं. आधी भोकांच्या कडेने, मग मधे, बारीक, पोपटी. मला आनंद व्हायला हवा होता. रोज सकाळी ती झारी घेऊन कडेकडेने फिरायची आणि मी काचेआडून बघायचो. चौदा तारखेला सकाळी वरून खोकी ओढल्याचा आवाज यायला लागला.

कमलने माझ्यासमोर औषधाच्या गोळ्या ठेवल्या. "सॉरी हा शब्द कोणत्या भाषेतला आहे ते बघताय का शब्दकोशात? मिळाला की सांगा," असं म्हणून ती देवपूजेला बसली.

मी उठलो. ऑपरेशननंतर मी जिना चढलो नव्हतो. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, चौदा पायऱ्या चढलो आणि दार वाजवलं. शुभदाने उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "काका! काय झालं? छातीत...?"

"काही नाही. बरा आहे. बसू द्या."

तिने एका खोक्यावरची पुस्तकं काढून मला बसवलं आणि पाणी दिलं. सगळी खोली खोक्यांनी भरलेली. मला धाप लागली होती, पण आता थांबलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

"दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, मराठी मला समजत नाही. तुम्हाला समजते."

ती हसली नाही.

"दुसरी. आठ डिसेंबरला तुम्ही मला नेलंत. डॉक्टर समीरला म्हणाले, अर्धा घंटा लेट झाला असता तर विषय संपला होता. हे मला माहीत आहे. डिसेंबरपासून माहीत आहे. आणि त्यावर मी तुम्हाला एक शब्द बोललो नाही. बोललो ते पहिल्यांदा, गवतासाठी, आणि ओरडून. मला लाज वाटते, मॅडम. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मला आवडतात. एवढं सांगायचं होतं."

शुभदा समोरच्या खोक्यावर बसली. हातातली चिकटपट्टी उलगडत-गुंडाळत राहिली.

"तुम्ही मराठी म्हणालात ना, त्याचं नव्हतं वाईट वाटलं," ती म्हणाली. "लॉन झाडलं त्या दिवशी मला एवढ्या सकाळी उठवत नव्हतं. आदल्या रात्रीपर्यंत पेपर तपासत बसले होते. पण तुम्ही म्हणाला होतात, ऊन यायच्या आत. मला वाटलं, मला उशीर झाला तर हे माणूस ऐकणार नाही. स्वतः बाहेर येईल, खराटा घेईल आणि वाकेल. टाके उसवतील. म्हणून तोंडसुद्धा न धुता पळत आले खाली. पान दिसो न दिसो, सगळं झाडून टाकलं, तुम्हाला वाकायला काही उरू नये म्हणून. आणि मग तुम्ही..."

माझ्या डोळ्यांना धार लागली. वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, ऑपरेशनला नेताना नव्हतो रडलो. आणि आता एका भाड्याच्या खोलीत खोक्यावर बसून, छातीला हात धरून, हुंदके देत होतो. मला वाचवल्यावर ही मुलगी थांबली नव्हती. ती रोज वाचवत होती आणि मी खिडकीतून तिच्या बुटांचे ठसे मोजत होतो.

"शुभदा," मी म्हणालो, "जाऊ नकोस गं."

तिने मान वर केली. तिचंही नाक लाल झालं होतं. "आणि टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"त्याला मी सांगतो. दे फोन."

"नको, नको," ती डोळे पुसत हसली. "तुम्ही एक सांगाल, तो दुसरंच समजेल."

तिने स्वतःच फोन लावला. पलीकडून तो काहीतरी वाद घालत होता, दुसरा टेम्पो केला का, जास्त पैसे झाले का, असं काहीसं. शुभदा ऐकून घेत होती आणि खालून कमल हाका मारत होती, "अहो, वर चढलात की काय? अहो!"

"नहीं भिया, किसी और को नहीं बुलाया," शुभदा फोनवर म्हणाली. "कहीं जा ही नहीं रही. अपने घर पे ही हूँ."

मग तिने फोन ठेवला आणि जिना उतरायला माझा हात धरला.